हिरो नसलेला पिक्चर वर्षानुवर्षं का ऐकला जातो : के. विश्वनाथ आणि शंकराभरणम्

२ फेब्रुवारी १९८०. तेलुगूत एक पिक्चर लागला ज्यात हिरो म्हणावा असा हिरोच नव्हता. मेन रोल शंकरशास्त्री नावाच्या गवयाचा, पांढरे केस, कपाळाला विभूती, आणि तो करणारा पन्नाशीच्या घरातला नट खऱ्या आयुष्यात आंध्र सरकारच्या महसूल खात्यात डेप्युटी कलेक्टर, फावल्या वेळात नाटकं करणारा. नायिका म्हणावी तर ती त्या गायकाशी पूर्ण पिक्चरभर मोजकंच बोलते. फायटिंग नाही. गाण्यांतली निम्मी तर शेकडो वर्षं देवळात न घराघरात म्हटली जाणारी कर्नाटक संगीतातली पदं. त्यावेळी तिकडे एन. टी. रामाराव यांचे अडवि रामुडु, वेटगाडु असले तुफान पिक्चर चालून गेलेले, म्हणजे पब्लिकला काय पाहिजे ते सगळ्यांना माहीत होतं, निदान असं सगळे धरून चालले होते. शंकराभरणम् विकत घ्यायला डिस्ट्रिब्युटर पुढं येईनात, थोड्याच थिएटरांत लागला, सुरुवातीचे शो रिकामे गेले. आणि मग एकानं दुसऱ्याला सांगत सांगत गर्दी अशी वाढली की तमिळनाडू आणि कर्नाटकात सुद्धा तो डब न करता तेलुगूतच चालला.

हे प्रकरण मला बरीच वर्षं सोडत नाहीये. मी सोलापूरचा, आमच्याकडं पूर्व भागात पद्मशाली समाज मोठा, घरात तेलुगू न बाहेर मराठी असं बोलणारी माणसं शाळेत, गल्लीत, सगळीकडं. शेजारच्या घरात संध्याकाळी टेपवर ही गाणी लागायची, मला एक शब्द कळत नसायचा पण त्यातलं एक पद लागलं की त्या घरातली आजी हातातलं काम थांबवून नुसती बसून राहायची, ते चित्र डोक्यात पक्कं बसलंय. पुढं पिक्चर बघितला, मग त्या डायरेक्टरचे बाकीचे शोधून शोधून बघितले आणि माझं मत असं झालं की शंकराभरणम् हा चमत्कार वगैरे नव्हता, त्याची तयारी तीस वर्षं चालली होती, आणि ती तयारी कॅमेऱ्यामागं नाही तर साउंडच्या खोलीत सुरू झाली होती.

काशिनाधुनी विश्वनाथ यांचा जन्म १९ फेब्रुवारी १९३० चा, गुंटूर भागातल्या पेदपुलिवर्रू गावचा. बीएस्सी केलं आणि मद्रासला वाहिनी स्टुडिओत साउंड रेकॉर्डिस्ट म्हणून लागले. आता हे वाक्य त्यांच्या प्रत्येक परिचयात एका ओळीत येतं न लोक पुढं सरकतात, पण माझ्या मते इथंच थांबायला पाहिजे. कारण साउंडचा माणूस दिवसभर काय करतो तर कानाला हेडफोन लावून दुसऱ्यांचं बोलणं, श्वास, थांबणं ऐकत बसतो. कुठल्या नटाचा आवाज कुठं खोटा लागला ते त्याला सगळ्यात आधी कळतं. अशी काही वर्षं काढलेला माणूस जेव्हा डायरेक्टर होतो तेव्हा त्याच्या पिक्चरमध्ये ऐकणं ही सुद्धा एक घटना असते, आणि विश्वनाथ यांच्याकडं ती आहेच, पुढं येतंच ते.

वाहिनीनंतर ते डायरेक्टर आदुर्ती सुब्बाराव यांचे असिस्टंट झाले, अन्नपूर्णा पिक्चर्समध्ये. आणि त्याच कंपनीनं त्यांना पहिला पिक्चर दिला, आत्मगौरवम्, अक्किनेनी नागेश्वरराव हिरो. म्हणजे सुरुवात चांगली भक्कम झाली, आंध्र सरकारचं नंदी अवॉर्ड पण मिळालं. पुढची दहाएक वर्षं त्यांनी कुटुंबाचे, बायकांच्या दुःखाचे, भावाबहिणीचे पिक्चर केले, चेल्लेली कापुरम्, शारदा, ओ सीता कथा, जीवन ज्योती. यातल्या ओ सीता कथावरून के. बालचंदर यांनी तमिळमध्ये मूंड्रु मुडिच्चु काढला, ज्यात कमल हासन, रजनीकांत आणि श्रीदेवी होते. म्हणजे १९७० च्या दशकात ते धंद्यातले विश्वासाचे डायरेक्टर होते, कोणी उपेक्षित कलावंत वगैरे नव्हते. सेटवर ते खाकी कपडे घालून यायचे, मी पण इथला एक कामगारच आहे अशा भावनेनं, आणि ही सवय त्यांनी पुढंही ठेवली.

वळण आलं १९७६ ला, सिरि सिरि मुव्वा. नायिका जयाप्रदा, मुकी मुलगी जी नाचते, आणि चंद्रमोहन डफ वाजवणारा. बघा म्हणजे, ती बोलू शकत नाही, तिच्यासाठी बोलतो तो तालवाद्यवाला. साउंडच्या माणसालाच सुचेल अशी गोष्ट आहे ही. पिक्चर चालला, आणि १९७९ ला विश्वनाथ यांनीच तो हिंदीत सरगम म्हणून केला, ऋषी कपूर आणि जयाप्रदाला घेऊन, लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांची गाणी, डफलीवाले तर आपल्याकडं गणपतीत सुद्धा वाजलंय. तर मुद्दा असा की शंकराभरणम् करताना हातात एक पुरावा होता, की नाच-गाणं हे मधे घुसडायची गोष्ट नसून त्याच्यावरच अख्खी गोष्ट उभी केली तरी लोक येतात. पण तिथं तरुण जोडी होती, ठेका होता. इथं म्हातारा गवई होता. ही उडी मोठी होती.

प्रोड्युसर एडिद नागेश्वरराव, पूर्णोदय या त्यांच्या बॅनरखाली. ते स्वतः नाटकातून आलेले. या माणसाचं नाव कमी घेतलं जातं आणि मला ते बरोबर वाटत नाही, कारण स्टार नको हे डायरेक्टरनं म्हणणं एक गोष्ट आणि ज्याचे पैसे लागलेत त्यानं ते ऐकणं ही वेगळी गोष्ट. पुढं सागर संगमम्, स्वाती मुत्यम्, स्वयंकृषी हे सगळे याच जोडीचे.

आता स्टार का नको? मला वाटतं हा निर्णय म्हणजे सगळ्या प्रकरणाचा गाभा आहे. शंकरशास्त्री हा माणूस पडद्यावर आला की प्रेक्षकाला वाटलं पाहिजे हा आयुष्यभर तंबोरा घेऊनच बसलाय. ओळखीचा चेहरा असता तर लोकांनी अभिनय बघितला असता. जे. व्ही. सोमयाजुलु यांचा चेहरा पिक्चर बघणाऱ्यांना जवळपास नवा होता, म्हणून लोकांनी शास्त्रींनाच बघितलं. तुलसीच्या रोलसाठी मंजू भार्गवी, कुचिपुडी शिकलेली, उंच, पण तोपर्यंत पिक्चरमध्ये क्लबमधले वगैरे डान्स करणारी म्हणून ओळखली जाणारी. तिला घेणं तर अजूनच धाडसाचं, आणि गोष्टीत तर ते चपखल बसतं, कारण तुलसी कलावंतिणीची मुलगी आहे, जिच्याकडं गाव एकाच नजरेनं बघतं आणि जिला स्वतःला फक्त नाचायचंय, ऐकायचंय. कॅमेरा बालू महेंद्र यांचा, संवाद जंध्याला यांचे, गाणी वेटूरी सुंदरराम मूर्ती, संगीत के. व्ही. महादेवन. एकेका खुर्चीवर आपापल्या कामातला पक्का माणूस. शूटिंगला गोदावरीचा काठ आहे, नाशिकला आपण जिला बघतो तीच, पण तिथं राजमहेंद्रीकडं पोचेपर्यंत पार समुद्रासारखी पसरलेली, आणि ती नदी पिक्चरमध्ये सारखी मागं असते.

सगळ्यात अवघड प्रश्न गाण्याचा होता. गोष्ट एका महान गवयाची, म्हणजे तो गातो तेव्हा थिएटरातल्या माणसाला ते पटलं पाहिजे, नाहीतर सगळं कोसळलं. गायले एस. पी. बालसुब्रमण्यम, ज्यांनी कर्नाटक संगीताची रीतसर तालीम घेतलेली नव्हती. विचार करा, शास्त्रीय संगीताच्या शुद्धतेसाठी भांडणारा गवई, आणि त्याचा आवाज तालीम न घेतलेल्या सिनेमाच्या गायकाचा. महादेवन यांचे असिस्टंट पुहळेंदी यांनी त्यांच्याकडून ते बारकाईनं बसवून घेतलं. महादेवन यांची पद्धत म्हणजे आधी शब्द, मग चाल, त्यामुळं त्यांच्या गाण्यात शब्द चालीखाली चिरडत नाही. आणि बालसुब्रमण्यम यांनी त्यात जो जीव ओतलाय तो ऐकताना कोणाला तालमीची आठवण पण येत नाही. ओंकारनादानु या गाण्याला त्यांना नॅशनल अवॉर्ड मिळालं.

मला इथं विश्वनाथ यांचा कान दिसतो. एखाद्या मोठ्या मैफिलीच्या गवयाकडून गाऊन घेतलं असतं तर ते मैफिलीचं गाणं झालं असतं, जाणकार खूश झाले असते. पण पिक्चरमधला शास्त्री गातो तेव्हा तो कधी रागावलेला असतो, कधी कोसळलेला, कधी देवळात एकटा, आणि ते सगळं आवाजातून यायला पाहिजे, मायक्रोफोनसमोर अभिनय करणारा गायक पाहिजे. ही निवड गाणं कळणाऱ्या माणसाची आहेच पण त्याहून जास्त रेकॉर्डिंग कळणाऱ्या माणसाची आहे. शुद्धतावादी लोकांनी तेव्हा नाकं मुरडली, की हे कसलं कर्नाटक संगीत, पाच मिनिटांत उरकलेलं. त्यांचं म्हणणं तांत्रिकदृष्ट्या खोटं नाही. शंकराभरणम् हा मोठा राग आहे, आपल्याकडचे बिलावलचे स्वर, मैफिलीत तासभर चालतो. पण कर्नाटक संगीतातले मोठे रचनाकार त्यागराज यांचे सामजवरगमना हे शब्द घेऊन पुढं वेटूरींनी स्वतःचे शब्द जोडावेत आणि ते दोघा तरुणांचं गाणं व्हावं, हे मैफिलीत होत नाही, पिक्चरमध्येच होतं, आणि त्यातून त्यागराज ज्या पोरापर्यंत कधीच पोचले नसते त्याच्यापर्यंत पोचले. पिक्चरनंतर गाणं शिकायला येणारी मुलं वाढली असं तिकडचे लोक आजही सांगतात.

आता ते ऐकण्याचं. शास्त्री आणि तुलसी यांच्यात काय नातं आहे हे पिक्चर कधी नाव देऊन सांगत नाही. प्रेम म्हणावं तर स्पर्श नाही, गुरू-शिष्य म्हणावं तर तालीम नाही. ती फक्त ऐकते. तो गातो न ती लांबून ऐकते, आणि ऐकता ऐकता तिचे पाय हलायला लागतात. तिच्यावर बलात्कार होतो, तिच्या हातून त्या माणसाचा खून होतो, शास्त्री तिला आसरा देतात तर गाव त्यांना वाळीत टाकतं, साथीदार सोडून जातात, फक्त माधवय्या वकील तेवढा सोबत राहतो (अल्लु रामलिंगय्या, एरवी कॉमेडी करणारा नट, इथं काय काम केलंय त्यांनी). ती निघून जाते, मूल वाढवते आणि काही वर्षांनी त्या मुलाला शास्त्रींच्या दारात शिकायला पाठवते. म्हणजे जे ऐकलं ते तिनं परत केलं. आपल्याकडं संगीत नाटकांची एवढी मोठी परंपरा, गवयांच्या गोष्टी आपल्याला काय कमी माहीत आहेत, पण गाणाऱ्याइतकी ऐकणारी व्यक्ती मधोमध ठेवलेली गोष्ट मला तरी फार कमी ठिकाणी सापडली.

पिक्चरला एकूण चार नॅशनल अवॉर्ड मिळाले, लोकप्रिय पण निकोप करमणूक करणारा पिक्चर म्हणून एक, महादेवन, बालसुब्रमण्यम आणि गायिका वाणी जयराम यांना एकेक. फ्रान्समध्ये बेझाँसोंच्या फेस्टिव्हलला प्रेक्षकांचं बक्षीस मिळालं. विश्वनाथ यांना पिक्चर लागला त्याच महिन्यात पन्नास वर्षं पूर्ण झाली, रिलीजनंतर सतरा दिवसांनी.

या पिक्चरमधलं जे मला पटत नाही ते पण सांगायला पाहिजे, आवडतो म्हणून सोडून देणं बरोबर नाही. पाश्चात्त्य पॉप संगीताशी जे भांडण दाखवलंय ते एकतर्फी आहे. रात्री धांगडधिंगा करणारी पोरं मूर्ख दाखवलीत, शास्त्री त्यांना गाऊन गप्प करतात, टाळ्या पडतात, पण ज्या पोरांना गिटार आवडतं ती सगळी रिकामटेकडी नसतात. आणि तुलसीनं किती सोसायचं. तिचं मोठेपण सिद्ध व्हायला तिच्यावर एवढं सगळं आणावं लागलं आणि शेवटी तिला जगू पण दिलं नाही, हे मला प्रत्येक वेळी टोचतं.

पण विश्वनाथ यांना हे प्रश्न पडत नव्हते असं नाही, कारण लगेच १९८१ ला सप्तपदी आला. त्यात परत सोमयाजुलुच, कर्मठ ब्राह्मण आजोबा. नातवाचं लग्न होतं, पहिल्या रात्री नातवाला त्या मुलीत देवीच दिसायला लागते, मग कळतं की तिचं मन बासरी वाजवणाऱ्या एका दलित मुलात आहे, आणि शेवटी आजोबा स्वतः तिला त्याच्यासोबत पाठवतात. शंकराभरणम् बघून ज्यांना वाटलं की हा माणूस जुन्या घरांची पूजाच करतोय त्यांनी हा जरूर बघावा. मान्य आहे की इथंही फैसला आजोबांच्याच हातात राहतो. तरी १९८१ ला, तेलुगू मेनस्ट्रीममध्ये, सोपं नव्हतं ते.

हिंदीचं काय झालं ते थोडक्यात. शंकराभरणम् १९८५ ला सूर संगम म्हणून आला, डायरेक्टर विश्वनाथच, शास्त्रींच्या जागी गिरीश कर्नाड, आवाज राजन-साजन मिश्रा यांचा, म्हणजे कमी काही नव्हतं. पण तशी लाट आली नाही. माझं मत असं की तेलुगू प्रेक्षक तिकडचे संतकवी भद्राचल रामदास यांचं पलुके बंगारमायेना हे पद ऐकतो तेव्हा तो पिक्चरमधलं गाणं ऐकत नसतो, ते त्यानं आईच्या तोंडून ऐकलेलं असतं. पिक्चरनं फक्त त्याला हात लावला. आपल्याकडं तुकोबांचा अभंग पडद्यावर आला की जे होतं तेच. हिंदीत ती शिदोरी नव्हती, तिथं सगळं नव्यानं उभं करावं लागलं. तरी विश्वनाथ यांनी हिंदीत बरंच काम केलं, कामचोर, संजोग, जाग उठा इन्सान, ईश्वर, बहुतेक आपल्याच तेलुगू पिक्चरवरून.

तेलुगूतली पुढची दहाबारा वर्षं मात्र सोन्याची. सागर संगमम् १९८३, कमल हासन एका अपयशी नाचणाऱ्याच्या रोलमध्ये. त्यात तो दारू पिऊन पावसात विहिरीच्या कठड्यावर नाचतो तो सीन सगळ्यांना माहीत असतो, पण त्याच सीनमध्ये जयाप्रदाच्या कपाळावरचं कुंकू पावसानं पुसलं जाऊ नये म्हणून तो हात आडवा धरतो, आणि आपल्याला माहीत असतं की ती विधवा आहे आणि त्याला कळू नये म्हणून तिनं ते लावलंय. एका हाताच्या हालचालीत दोघांची सगळी गोष्ट. मग स्वाती मुत्यम्, भोळा माणूस भर देवळात विधवेच्या गळ्यात मंगळसूत्र बांधतो, भारताकडून ऑस्करला हाच पाठवला होता. सिरिवेन्नेला, आंधळा बासरीवाला आणि मुकी चित्रकार, परत तेच, एक ऐकतो पण बघू शकत नाही, दुसरी बघते पण बोलू शकत नाही. यातल्या गाण्यांवरून सीताराम शास्त्री या गीतकाराच्या नावाला सिरिवेन्नेला कायमचं चिकटलं. स्वयंकृषीत चिरंजीवीला, ज्याच्या नाचा-फायटिंगवर थिएटरं भरायची, त्यांनी चांभार केला आणि चिरंजीवीला बेस्ट ॲक्टरचा नंदी मिळाला. म्हणजे बघा, शंकराभरणम् च्या वेळी स्टार नको म्हणणारे विश्वनाथ स्टारच्या विरोधात नव्हतेच, त्यांना रोलच्या आड येणारा स्टार नको होता.

पण मला या प्रकरणाचा खरा दुसरा भाग वाटतो तो १९९२ चा स्वाती किरणम्. बारा वर्षांनी परत एक मोठा गवई, परत एक लहान मुलगा, परत के. व्ही. महादेवन. गवई मामूट्टी, मुलगा मास्टर मंजुनाथ, मालगुडी डेजमधला. फक्त इथं गुरूला त्या पोराच्या गळ्याचा मत्सर वाटतो, तो त्याच्या चाली स्वतःच्या म्हणून घेतो आणि शेवटी पोरगा जीव देतो. ज्या डायरेक्टरनं गुरूला देवाच्या जागी बसवलं त्यानंच विचारलं की गुरू जळका निघाला तर काय. शंकराभरणम् एवढा चालल्यावर आयुष्यभर त्याचीच कॉपी करत बसणं सोपं होतं आणि लोकांनी ती बघितली पण असती. त्यांनी स्वतःचाच पिक्चर उलटा करून बघितला. पन्नासहून जास्त पिक्चर आहेत त्यांचे, पण ही हिंमत मला सगळ्यात मोठी वाटते. वाणी जयराम यांना यातल्या गाण्यासाठी परत नॅशनल अवॉर्ड मिळालं.

नंतर १९९५ च्या शुभसंकल्पम् पासून ते ॲक्टिंग करायला लागले, आजोबांचे वडिलांचे रोल, ते पण मस्त. डायरेक्शन कमी होत गेलं, २००४ ला स्वराभिषेकम्, २०१० ला शुभप्रदम् शेवटचा. २०१६ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला.

ते गेले २ फेब्रुवारी २०२३ ला, हैदराबादमध्ये, ९२ वर्षांचे होऊन. शंकराभरणम् रिलीज झाला तीच तारीख. आणि दोनच दिवसांनी चेन्नईत वाणी जयराम गेल्या. आपल्याकडं त्यांना कुमार गंधर्वांसोबतच्या ऋणानुबंधाच्या गाण्यामुळं ओळखतात, वसंत देसाईंचं संगीत, मुंबईत राहिलेल्या न आपलंच माणूस वाटणाऱ्या. त्या आठवड्यात मी शंकराभरणम् चा शेवट परत लावला. शास्त्रींची शेवटची मैफल, दोरकुना इटुवंटि सेवा गाता गाता त्यांची तब्येत ढासळते, आवाज तुटतो, आणि पुढची ओळ तुलसीचा मुलगा उचलतो, गाणं थांबत नाही. शास्त्रींचा आवाज बालसुब्रमण्यम यांचा, जे २०२० ला गेले. मुलाचा आवाज वाणी जयराम यांचा.